मॅन्युअल हरवलेल्या किटचा नकाशा

मार्च जवळ आला की कॉलेजांमध्ये निर्लेखनाच्या याद्या तयार व्हायला लागतात. डेडस्टॉक रजिस्टरमधून एकेक ओळ उतरवली जाते आणि कुठल्या तरी पानावर हमखास सापडते : ‘मायक्रोप्रोसेसर ट्रेनर किट, ८०८५, नग १२, नादुरुस्त.’ नांदेड आणि लातूर या दोन्ही गावांतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळांत माझं नोकरीचं आयुष्य गेलं. ही ओळ मीही लिहिली आहे, आणि ती चुकीची होती.

झालं असं. एका कॉलेजात (नाव जाऊ द्या) एक किट वर्षानुवर्षं ‘फॉल्टी’ अशी चिठ्ठी लावून कपाटावर पडलेलं होतं. साधी बेरीज-वजाबाकी करायचं, पण मोठा डेटा साठवायला गेलं की अडकायचं. मुलं प्रोग्रॅम २००० पासून भरायची आणि डेटा २८०० पासून. (या लेखातले पत्ते हेक्समध्ये आहेत.) शेजारच्या टेबलावरच्या दुसऱ्या बनावटीच्या किटवर हेच सगळं सुरळीत चालायचं. मॅन्युअल केव्हाच गायब. आम्ही रॅम बदलली, प्रोसेसर बदलला, शेवटी चिठ्ठी लावली. पुढे एका उन्हाळ्याच्या सुट्टीत मी मीटर घेऊन बसलो, तेव्हा कळलं की त्या किटवर २८०० नावाचं वेगळं घरच नाही. तो २००० चाच मागचा दरवाजा. डेटा लिहिला की तो थेट प्रोग्रॅमवर जाऊन पडायचा. किट ठणठणीत होतं, नकाशा तेवढा आमच्याकडे नव्हता.

तो नकाशा, म्हणजे कोणत्या पत्त्यावर कोणती चिप उत्तर देते याचा तक्ता, मॅन्युअलशिवाय कसा काढायचा ते सांगतो. पॉलिटेक्निकची मुलं, बीएस्सीचे शिक्षक, किंवा भंगारातून असलं काही उचलून आणणारे माझ्यासारखे लोक, कुणालाही जमेल. मुख्यतः लागतं ते मल्टिमीटर, कागद-पेन्सिल आणि दोन निवांत दुपारी.

किट म्हणजे संगणक नव्हे असं कुणी म्हणेल. इंटेलचा ८०८५ आला १९७६ मध्ये. तो, थोडी रॅम, मॉनिटर प्रोग्रॅमची एक ईप्रॉम, अठ्ठावीसएक बटणं आणि सहा आकडे दाखवणारा डिस्प्ले, एवढ्यावर पूर्ण संगणक उभा राहतो. नांदेडला विष्णुपुरीत श्री गुरु गोबिंद सिंगजी अभियांत्रिकी महाविद्यालय १९८१ ला सुरू झालं, लातुरात बिडवे अभियांत्रिकी आणि इतर संस्था उभ्या राहिल्या, त्या काळातल्या मराठवाड्यातल्या मुलांनी हाताळलेला पहिला संगणक बहुधा असाच, झाकण नसलेला होता. झाकण नाही हाच त्याचा मोठा गुण. सगळं डोळ्यांसमोर असतं.

पहिला नियम : वीज लावायची नाही. आधी बोर्डाचे दोन्ही बाजूंनी स्वच्छ फोटो काढा. प्रत्येक चिपवरचा नंबर वाचा, कागदावर बोर्डाचा आराखडा काढून त्यात लिहा. जंपर कुठे लावलेत ते हात लावण्याआधी टिपा. मग बॅटरी शोधा. बऱ्याच किटवर रॅम जिवंत ठेवायला ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी असते, बहुधा निळ्या वेष्टनातली. ती फुटून हिरवट बुरशीसारखं काही आजूबाजूच्या ट्रॅकवर पसरलेलं असेल, तर बॅटरी कापून काढा आणि तो भाग आधी व्हिनेगरच्या बोळ्याने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. गळतो तो पदार्थ अल्कली असतो, म्हणून आधी सौम्य आम्ल. आपल्याकडच्या कोरड्या हवेचा एक फायदा सांगायला हवा : कोकणातल्या बोर्डांवर दिसतो तसा गंज इथे फारसा दिसत नाही. आपल्याकडे त्रास धुळीचा, आणि उंदरांचा.

एक ठेच माझी स्वतःची. अठ्ठावीस पिनच्या सॉकेटमध्ये कधी कधी चोवीस पिनची चिप बसवलेली असते. ती सॉकेटच्या खालच्या टोकाला सरकवून बसवायची, वरची चार भोकं रिकामी ठेवायची. मी साफसफाईसाठी ६११६ रॅम काढली आणि परत लावताना वरच्या टोकाला बसवली. वीज दिल्यावर बोट ठेवलं, तर चटका. चिप गेली. फोटो काढला होता, पण बघितला नव्हता.

आता ईप्रॉम. वर काचेची खिडकी असलेली ती चिप. खिडकीवरचा कागद काढू नका. इंटेलच्याच डेटाशीटप्रमाणे थेट उन्हात ही चिप साधारण आठवडाभरात पुसली जाऊ शकते, आणि आपलं मे महिन्यातलं ऊन तर काय सांगायचं. सॉकेटमधून अलगद काढून ती प्रोग्रॅमरवर वाचून घ्या. प्रोग्रॅमर नसेल तर अर्डुइनो मेगावरही जमतं : २७६४ ला तेरा पत्त्याच्या तारा, आठ डेटाच्या, दोन नियंत्रणाच्या, अशा तेवीस पिन लागतात आणि मेगाकडे चोपन्न आहेत. तीनदा वाचा आणि तिन्ही फाइली जुळतात का बघा. जुळल्या नाहीत तर आधी चिपच्या पिना साफ करा. चांदीचा मुलामा काळा पडलेला असतो.

ही फाइल म्हणजे नुसती सुरक्षित प्रत नव्हे. निम्मा नकाशा त्यातच लिहिलेला असतो. रीसेटनंतर ८०८५ नेहमी ०००० या पत्त्यापासून सुरू करतो, म्हणजे ही चिप ०००० वर असणारच. पुढे ३१ हा बाइट शोधा. तो स्टॅक पॉइंटर ठरवणारा हुकूम. त्या किटमध्ये मला ३१ ९० २७ असं दिसलं. खालचा बाइट आधी लिहायची पद्धत असल्यामुळे तो पत्ता २७९०, आणि स्टॅक रॅमशिवाय राहूच शकत नाही. म्हणजे २७ च्या घरात रॅम आहे, हे मीटर हातात न घेताच कळलं. तसंच डी३ म्हणजे पोर्टवर लिहिण्याचा हुकूम. ३ई ८० डी३ ०३ अशी रांग दिसली तर ८२५५ या पोर्टच्या चिपला ‘तिन्ही पोर्ट आउटपुट’ असं सांगितलं जातंय. ८२५५ चा नियंत्रण पत्ता तिच्या चारांपैकी शेवटचा असतो, म्हणून तिची सुरुवात ०० पासून. अर्थात फाइलमधला प्रत्येक ३१ किंवा डी३ हुकूमच असेल असं नाही, नुसता डेटाही असू शकतो. डिसअसेंबलर वापरा, आणि तरीही संशय ठेवा.

मग मीटर. लातूरकरांना हा भाग समजावणं मला नेहमी सोपं गेलं. आपल्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. ८०८५ मधूनही पत्त्याच्या सोळाच तारा निघतात. उपमा इथेच थांबवतो, कारण गोलाईतून माणूस एका वेळी एकाच रस्त्याने जातो आणि इथे सोळाही तारांवर एकदम शून्य किंवा एक असतो. त्यातून ६५,५३६ पत्ते होतात. एवढ्या पत्त्यांची वस्ती चिपांमध्ये वाटून देणारा जो कारकून, तो डिकोडर. बहुतेक किटवर तो ७४एलएस१३८ असतो. सोळा पिनची, पाच-दहा रुपयांची वाटावी अशी चिप, पण बोर्डाचा कारभार तिच्याकडे.

उलटीकडून चाला. ईप्रॉम २७६४ असो वा रॅम ६२६४, चिप सिलेक्टची पिन २० नंबरची. ६११६ वर ती १८. मीटर बीपवर ठेवा, एक टोक त्या पिनवर, दुसरं टोक १३८ च्या आठ आउटपुटवरून फिरवा : पिन १५ म्हणजे वाय०, मग १४, १३, १२, ११, १०, ९ आणि शेवटची वाय७ म्हणजे पिन ७. जिथे वाजेल ते लिहा. मग १३८ च्या पिन १, २, ३ कुठे जातात ते बघा. प्रोसेसरवर ए८ ते ए१५ या तारा २१ ते २८ या पिनांवर आहेत. १, २, ३ या पिना जर २६, २७, २८ ला जोडलेल्या सापडल्या तर सगळ्यात वरच्या तीन तारा डिकोडरकडे आहेत, आणि चौसष्ट केच्या वस्तीचे आठ केचे आठ वॉर्ड झाले : वाय० कडे ०००० पासून, वाय१ कडे २००० पासून, वाय२ कडे ४००० पासून, असं शेवटपर्यंत. क्रम गृहीत धरू नका. बोर्ड आखणाऱ्याने ट्रॅकच्या सोयीसाठी तारा उलटसुलट लावल्या असतील तर वाय४ म्हणजे ८००० राहत नाही.

१३८ च्या पिन ४, ५ आणि ६ याही तपासा. यातली एखादी प्रोसेसरच्या ३४ नंबरच्या पिनला, म्हणजे मेमरी की पोर्ट हे सांगणाऱ्या तारेला जोडलेली असते. ती ४ किंवा ५ ला असेल तर हा डिकोडर मेमरीचा. ६ ला असेल तर पोर्टचा. त्यामुळे बोर्डावर दोन १३८ दिसले तर गोंधळू नका. पोर्टच्या बाबतीत ८०८५ ची एक खोड आहे : पोर्टचा आठ बिटांचा पत्ता तो खालच्या आणि वरच्या दोन्ही तारांवर सारखाच पाठवतो. म्हणून पोर्टचा डिकोडर ए१३ ते ए१५ ला लावलेला दिसला तरी तो बरोबरच असतो. मला हे कळेपर्यंत मी एक अख्खी दुपार ‘बोर्डच चुकलाय’ असं म्हणत घालवली होती.

आता त्या मागच्या दरवाजाची गोष्ट. डिकोडरने वॉर्ड दिला आठ केचा, आणि कंपनीने पैसे वाचवायला त्यात ६११६ बसवली, दोनच केची. तिला ए० ते ए१० एवढ्याच तारा लागतात. ए११ आणि ए१२ या तारा ना डिकोडरकडे गेल्या ना रॅमकडे. त्या कुणी वाचतच नाही. मग २०००, २८००, ३००० आणि ३८०० हे चारही पत्ते एकाच घराचे. याला अर्धवट डिकोडिंग म्हणतात. ही चूक नव्हे, काटकसर. पण मॅन्युअलमध्ये ती लिहिलेली असायला हवी, आणि मॅन्युअल नसेल तर आपण शोधायला हवी.

शोधणं सोपं आहे, आता वीज देऊन. ८०८५ ला फक्त पाच व्होल्ट लागतात (त्याच्या आधीच्या ८०८० ला तीन वेगळे पुरवठे लागत), बाकीचे अधिक-उणे बारा व्होल्ट बहुधा सिरियल पोर्टसाठी. पुरवठा बोर्डापासून सोडवून आधी एकटा मोजा; वायरींच्या रंगांवर विश्वास नको. डिस्प्लेवर मॉनिटरचा संदेश आला की २००० वर ५५ लिहा, मग २८०० वर ३३ लिहा, आणि पुन्हा २००० उघडा. ५५ दिसलं तर दोन घरं वेगळी. ३३ दिसलं तर एकच. मग ३००० आणि ३८०० वरही तेच करा. पत्ता नुसता वाचून ‘इथे रॅम आहे’ असं ठरवू नका. वस्ती नसलेल्या जागीही काही तरी दिसतंच. अनेकदा ६०१२ उघडलं की १२ दिसतं, ६०१३ वर १३. ही रॅम नव्हे. ८०८५ च्या डेटाच्या आणि खालच्या पत्त्याच्या तारा एकच असतात, त्यावर मघाचा पत्ताच रेंगाळलेला असतो. असा चढता आकडा दिसला की खुशाल ‘रिकामं’ लिहा.

कागदावरचा नकाशा खरा आहे का, हे एका चिमुकल्या प्रोग्रॅमने पडताळता येतं. २००० पासून हे सहा बाइट भरा : ३ए ०० ८० सी३ ०० २०. अर्थ असा की ८००० वरचा बाइट वाच आणि पुन्हा २००० ला ये. चालू करून लॉजिक प्रोब १३८ च्या पिन १४ वर ठेवा : प्रोग्रॅम तिथून वाचला जातोय, म्हणून ठोके पडतील. पिन ११ वर ठेवा : ८००० चे ठोके. पिन १२ शांत. आता रीसेट करून २००२ वरचा ८० बदलून ६० करा आणि पुन्हा चालवा. पिन ११ गप्प होईल आणि १२ बोलायला लागेल. वर्गात हा प्रयोग दाखवला की मागच्या बाकावरची मुलंही उठून टेबलाशी येतात, असा माझा अनुभव आहे. प्रोब कधी उगाच लुकलुकला, तर पत्ता बदलतानाचे ते क्षणिक ठोके असू शकतात. यूएसबीवर चालणारा आठ चॅनलचा साधा लॉजिक ॲनालायझर असेल तर प्रोसेसरची पिन ३२, म्हणजे ‘वाचतोय’ सांगणारी तार, सोबत लावा आणि ती खाली असतानाचेच ठोके धरा. या किटवर क्रिस्टल बहुधा ६.१४४ मेगाहर्ट्झचा, म्हणजे घड्याळ त्याच्या निम्मं. स्वस्तातला ॲनालायझर पुरून उरतो. सिग्रोक हे मोफत सॉफ्टवेअर त्यावर चालतं. एक मात्र कधीच करू नका : किट चालू असताना ‘बघू काय होतं’ म्हणून एखाद्या चिपची सिलेक्ट पिन वायरने जमिनीला टेकवणं. दोन चिपा एकाच तारेवर एकदम बोलायला लागल्या तर दोन्ही जाऊ शकतात.

डिकोडरच्या जागी नंबर खरवडलेली किंवा पीएएल जातीची चिप निघाली तर तिच्या पोटातलं दिसत नाही. पण १६एल८ सारखी, आत आठवण न ठेवणारी असेल, तर सगळ्या इनपुटच्या सगळ्या जोड्या अर्डुइनोने देऊन आउटपुट लिहून घेता येतात; दोन्ही दिशांनी चालणाऱ्या पिनाही इनपुट म्हणून धरल्या तरी ६५,५३६ जोड्यांच्या वर जात नाही. मिळालेला तक्ता जीएएल चिपमध्ये भरला की बदली तयार.

जरा अवघड प्रकार वेगळाच आहे : पत्ते कमी आणि मेमरी जास्त. याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण म्हणजे बीबीसी मायक्रो. १९८४ मध्ये केंद्र सरकारने शाळांसाठी ‘क्लास’ हा संगणक साक्षरतेचा प्रकल्प सुरू केला, त्यात हीच यंत्रं होती, आणि सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स या सरकारी कंपनीने ती ‘एससीएल युनिकॉर्न’ नावाने इथे आणली. एखाद्या जुन्या शाळेच्या माळ्यावर अजूनही सापडायची शक्यता आहे, म्हणून सांगतो. त्यातला ६५०२ प्रोसेसरही चौसष्ट केपुरताच. खालचे बत्तीस के रॅम, वरचे सोळा के मूळ प्रणालीचे, आणि मधल्या सोळा केच्या खिडकीत, ८००० ते बीएफएफएफ, चार वेगवेगळ्या रॉम आळीपाळीने येतात. कोणती रॉम खिडकीत हवी तो आकडा एफई३० या पत्त्यावर लिहायचा.

असं यंत्र समोर आलं तर नुसत्या सिलेक्ट पिनचा माग काढून भागत नाही. बोर्डावर अशी लॅच चिप शोधा जिची इनपुट डेटाच्या तारांवरून येतात आणि आउटपुट मात्र डिकोडरकडे जातात. बीबीसीत हे काम ७४एलएस१६३ करते. आकडा धरून ठेवणारी हीच ती चिप. तिला ‘आता धर’ असा इशारा कुठून येतो ते मागे मागे शोधलं की तिचा पत्ता मिळतो. (८०८५ च्या किटवरच्या ७४एलएस३७३ ला हे समजू नका. तिची ११ नंबरची पिन प्रोसेसरच्या ३० नंबरला जाते आणि तिचं काम पत्ता वेगळा काढण्याचं.) या लॅचवर लिहिता येतं, वाचता येत नाही. म्हणून बीबीसीची प्रणाली तोच आकडा रॅममध्ये एफ४ या पत्त्यावरही लिहून ठेवते. कुठल्याही अनोळखी यंत्राच्या रॉममध्ये एकच आकडा रॅममध्ये आणि लगेच एखाद्या विचित्र पत्त्यावर असा पाठोपाठ लिहिलेला दिसला, तर तिथे मेमरीची अदलाबदल होतेय असं समजून पुढचा शोध घ्या. डायनॅमिक रॅम असलेल्या यंत्रांत पत्ता दोन हप्त्यांत जातो, तिथे मीटरने रॅमपर्यंत पोचायचा अट्टहास करू नये; रॉमपासून सुरुवात करावी.

सुटे भाग मिळतात. नांदेडहून देवगिरी एक्सप्रेसने सिकंदराबाद गाठून हैदराबादच्या कोठी भागातल्या गुजराती गल्लीत गेलात, किंवा तीच गाडी उलटी पकडून मुंबईला लॅमिंग्टन रोडवर, तर १३८, ३७३, ६२६४ असलं सामान विचारता येतं. ६११६ च्या जागी ६२६४ बसवायचा मोह होईल. बसते, पण जंपर बदलावे लागतात : चोवीस पिनची चिप बसवली होती तेव्हा सॉकेटच्या २६ नंबरच्या पिनला पाच व्होल्ट दिलेले असतात, ६२६४ वर तीच दुसरी सिलेक्ट पिन असते, ती वर ठेवायला हे चालून जातं. बाकी पिना मात्र तपासूनच घ्या.

काढलेला नकाशा वहीत ठेवू नका. एका पानावर स्वच्छ लिहा : पत्ता कुठून कुठपर्यंत, चिप कोणती, कोणत्या पिनवरून खात्री केली, मागचे दरवाजे कोणते. ते पान किटच्या पेटीत झाकणाच्या आतून चिकटवा, एक प्रत विभागाच्या ग्रंथालयात द्या आणि ईप्रॉमची फाइल दोन ठिकाणी ठेवा. निर्लेखन समितीत तुम्ही असाल तर सही करण्याआधी निदान एका किटवर ५५ आणि ३३ चा प्रयोग करून बघा, पाच मिनिटं लागतात. आणि हे सगळं पुढच्या सुट्टीवर टाकलं असेल, तरी ती निळी बॅटरी मात्र आजच कापून काढा.